तुम्ही विचारलंत म्हणून: बीटच्या मुळांवरचे पांढरे दाणे

‘शर्कराबीटमध्ये सूत्रकृमी झालाय, कोणतं औषध टाकू?’ हा प्रश्न मला वारंवार येतो. (सूत्रकृमी म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणारा धाग्यासारखा बारीक किडा.) तुम्हीही तोच विचारलात. औषधाचं नाव सांगायच्या आधी मी नेहमी उलट विचारते: मुळं धुऊन पाहिलीत का?

रोप हिसकून उपटू नका, पाहायचं तेच मातीत राहतं. फावड्याने मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. बीटला दाढीसारखी तंतुमुळं फुटलेली दिसतील आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढरे, लिंबाच्या आकाराचे दाणे. प्रत्येक दाणा म्हणजे एक मादी. मुळालाच गाठी आल्या असतील तर तो दुसरा सूत्रकृमी, त्याचे उपायही वेगळे.

मी स्वतः एकदा ही तपासणी न करता सल्ला दिला होता. भर दुपारी रानातल्या एका गोलसर पट्ट्यातली पानं माना टाकत होती, संध्याकाळी पुन्हा उभी राहत होती. मी म्हणाले, पाणी वाढवा. पुढच्या बीटला तो पट्टा नांगरटीच्या दिशेने लांबला होता. तेव्हापासून भिंग आणि बादलीशिवाय मी या विषयावर बोलत नाही.

या किड्याची खरी ताकद त्याच्या मरणात आहे. मादी मेली की तिची कातडी तपकिरी, टणक होते आणि आतल्या अंड्यांची पेटी बनते. एका पेटीत ६०० पर्यंत अंडी असू शकतात. ती सगळी एकदम फुटत नाहीत. काही दर हंगामात फुटतात, काही १० वर्षांहूनही जास्त काळ वाट पाहतात. यजमान पिकाच्या, म्हणजे हा किडा ज्यावर जगतो त्या पिकाच्या, मुळांतून पाझरणारे रस मातीत आले की उबवण वाढते. म्हणून एका फवारणीत रान साफ होईल ही आशा मी कुणाला देत नाही.

१८५९ मध्ये जर्मनीत हर्मान शाख्ट यांना बीटच्या मुळांवर हा किडा सापडला. त्याआधी बीट नीट येईना की ‘जमीन बीटला थकली’ असं म्हणत. जर्मनीतल्याच हाले शहरात यूलियस क्यून यांनी हा थकवा किड्यामुळे आहे हे दाखवलं आणि सापळा पिकाचा मार्ग शोधला: यजमान पीक दाट पेरायचं, अळ्या मुळांत शिरू द्यायच्या आणि माद्या पिकायच्या आत पीक मोडायचं. पण थोडे दिवस उशीर झाला की सापळ्यातच पैदास. उबदार मातीत एक पिढी ४ ते ६ आठवड्यांत पुरी होते.

आता खास प्रतिकारक पांढरी मोहरी आणि तेलमुळा मिळतो, आणि मला यातच सर्वांत जास्त भरवसा वाटतो. त्यांच्या मुळांचा वास लागून अळ्या अंड्यांतून निघतात, मुळांत घुसतात, पण तिथे त्यांना पोसणारी पेशींची जागा नीट तयारच होत नाही. मादीला भरपूर अन्न लागतं, नराला थोडकं पुरतं. त्यामुळे नर निपजतात आणि माद्या उपाशी मरतात. माती उबदार असतानाच पेरा, दाट पेरा. आणि बियाण्याच्या पिशवीवर वाण वाचा. साधी मोहरी हीच किड्याची मेजवानी आहे, हे मला दरवेळी बजावून सांगावं लागतं.

बेवडाचं, म्हणजे पिकांच्या फेरपालटीचंही तसंच. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, मोहरी ही सगळी त्याची घरं. गहू, बार्ली, मका, कांदा नाहीत. बीटनंतर किमान तीन-चार वर्षं, आणि संख्या फार असेल तर त्याहून जास्त, ही दुसरी पिकं घ्या. पण रानात चाकवत माजू दिला तर फेरपालट कागदावरच राहते, कारण चाकवत बीटच्याच कुळातला.

बियाणं घेताना ‘सहनशील’ आणि ‘प्रतिकारक’ यांत गल्लत करू नका. सहनशील वाण किडा असूनही उत्पन्न देतो, पण किडा त्यावर वाढू शकतो. प्रतिकारक वाण त्याला वाढू देत नाही.

रसायनांविषयी थोडक्यात. आल्डिकार्बसारखी औषधं एकेकाळी सर्रास वापरली जात. आल्डिकार्ब भूजलात उतरलेलं सापडलं आणि अनेक देशांत बंद झालं. जे मिळतं ते मुख्यतः सुरुवातीची कोवळी मुळं वाचवतं, खोलवरच्या पेट्यांपर्यंत पोचत नाही.

किडा स्वतः फार दूर जात नाही, आपण त्याला नेतो. बाधित रानातून निघालेला नांगर आणि काढणीयंत्र धुवा. बीटला चिकटून गेलेली माती परत रानात टाकू नका.

आता तुमच्या रानाचं. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून २५-३० सेंटिमीटर खोलीची माती घ्या, मिसळून ओलसरच पिशवीत भरून तपासणीला द्या. अहवालात अंडी आणि अळ्यांची संख्या मागा. तो अहवाल आणि गेल्या सहा वर्षांत तिथे काय काय पेरलं याची यादी मला पाठवा, मग पुढची पेरणी कधी आणि कशाची ते ठरवू.