आई गं

रात्रीचे सव्वादोन वाजलेत. झोप येईना, म्हणून उठून बसलोय.

मी सिनेमाचं ध्वनिसंकलन करतो. आज त्यातली नटी डबिंगला आली होती. तिसऱ्या रीलमधले चारच संवाद परत घ्यायचे होते. आधीचा सूर लक्षात यावा म्हणून मी जरा मागून लावलं आणि विहिरीच्या पायऱ्यांवरची किंकाळी तिच्या हेडफोनमध्ये गेली. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. उजव्या हातानं डावं मनगट हळूच धरलं आणि माइकजवळ येऊन विचारलं, "दादा, हे त्या रात्रीचंच ना?"

मी टॉकबॅकचं, म्हणजे आतून तिच्या हेडफोनमध्ये बोलायचं, बटण दाबून म्हटलं, "हो. छान आलंय."

छान आलंय! दुसरा एक शब्द सुचू नये मला? "हात कसा आहे?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तिनं मान हलवली, चारही संवाद पहिल्याच टेकला दिले आणि गेली.

त्या रात्री मी सेटवर नव्हतो, पण ट्रॅकवर सगळं आहे. तिसऱ्या टेकनंतर ती म्हणते, "पाय सरकतोय हं इथं." टँकरचं पाणी सोडून पाऊस केलेला, पायऱ्यांवर शेवाळ, पहाटेचे चार वाजलेले. कुणीतरी म्हणतं, "एकच, शेवटचा." पाचव्या टेकला ती खरंच घसरली. आधी बांगड्या फुटल्याचा आवाज येतो, मग ती किंकाळी, आणि किंकाळी विरता विरता अगदी हळू, "आई गं."

उंबऱ्याला अंगठा ठेचल्यावर घरात म्हणतो, तसं.

ते "आई गं" मी कापलं. त्यात भीती नव्हती, नुसतं दुखणं होतं, आणि सीनला भीती हवी होती. वर रातकिडे पसरले, थोडा रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, भरला. दिग्दर्शक सर ऐकून म्हणाले, "हीच ठेव. अभिनयानं येत नाही हे." तेव्हा मला बरं वाटलं होतं. कापलेली जागा कुठं कळतही नाही, याचंसुद्धा.

संध्याकाळपासून 'दि एक्झॉर्सिस्ट' डोक्यात आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो पाठ असतो. सैतानानं झपाटलेल्या मुलीचा, 1973चा सिनेमा, ध्वनीचं ऑस्कर मिळालेला. त्यात मुलीची मान गर्रकन फिरते तेव्हा हाडं मोडल्याचा आवाज येतो. तो गोन्झालो गाविरा या आवाज तयार करणाऱ्या माणसानं चामड्याचं जुनं पाकीट माइकपुढं पिळून काढला होता. शिकाऊ पोरांना मी हे नेहमी सांगतो. पण त्याच सिनेमात आई फेकली जाते, तेव्हाची एलन बर्स्टिनची किंकाळी खरी आहे. तिच्या कमरेला दोर बांधून मागं ओढत होते. फार जोरात ओढतात, असं तिनं आधीच सांगितलं होतं. पुढच्या टेकला ती माकडहाडावर आपटली आणि कॅमेरा तिच्या वेदनेकडे सरकला. तो टेक सिनेमात आहे. पाठीच्या त्या दुखण्यानं पुढं किती वर्षं छळलं, हे ती सांगत आली आहे. मुलीचं काम करणारी लिंडा ब्लेअर तेरा-चौदा वर्षांची होती. हलणाऱ्या पलंगाला बांधलेला पट्टा सैल झाला आणि तिचीही कंबर दुखावली. सैतानाच्या आवाजासाठी मर्सिडीज मॅककेंब्रिज कच्ची अंडी गिळायची, सिगारेटी ओढायची, खुर्चीला बांधून घ्यायची, आणि सुरुवातीला तिचं नाव श्रेयनामावलीत नव्हतंच.

पोरांना मी पाकिटाचंच सांगतो. बर्स्टिनचं कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

पाकिटातून मान मोडते. भाजीच्या देठातून हाड मोडतं, हे मी स्वतः कितीदा केलंय. मग तिचंच मनगट का लागलं मला?

मनात येतं, मी कोण? शूटिंगच्या वेळी बोलावत नाहीत, शेवटी सगळं आमच्या गळ्यात पडतं, आधीच्या कामाचे पैसे अजून यायचेत. सर ठेव म्हणाले, ठेवलं. बाबांच्या रिपोर्टचंही उद्या विचारायचंय, ते वेगळंच. माझ्या हातात काय असतं?

पण कात्री माझ्याच हातात होती.

मघाशी, साडेबाराच्या सुमाराला, लॅपटॉप उघडला. पहिल्या आणि दुसऱ्या टेकमधल्या तिच्याच किंकाळ्या घेतल्या, अभिनयाच्या. एक जरा खाली ओढली, दुसरी तिच्यावर चढवली, मागं विहिरीचा घुमारा दिला. तीन-चारदा ऐकलं. खऱ्याइतकं काळजात जात नाही. खोटं कशाला लिहू? पण भीती वाटते. थिएटरात माणूस दचकेल एवढी नक्की वाटते.

मूळ ट्रॅक पुसलेला नाही. "आई गं"सकट वेगळा ठेवलाय.

उरलेल्या दोन सीनसाठी ती उद्या अकराला येणार आहे. काम सुरू करण्याआधी हात विचारीन. मग दोन्ही ऐकवीन आणि कोणती ठेवू, ते तिलाच विचारीन. खरी ठेवा म्हणाली तर तो तिचा निर्णय, मी ठेवीन. नको म्हणाली तर सरांना फोन मी करीन. ते ओरडतील. मिक्सिंगला सहा दिवस आहेत, ओरडू देत.