बेळगाव ते गोकर्ण सायकलवर: घाटाची भीती, किनाऱ्याचा घाम

निघायच्या आधी आमच्या गटात चर्चा एकाच गोष्टीची होती, अणशी घाटाची. वळणं किती, ब्रेक टिकतील का, पावसाळ्यात वाहून आलेली खडी अजून रस्त्यावर असेल का. कारवार ते गोकर्ण या टप्प्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. समुद्राकडेचा सपाट हायवे, त्यात बोलायचं काय! प्रत्यक्षात सपोर्ट गाडीवर सायकली चढल्या त्या याच ‘सपाट’ टप्प्यात. घाटात एकही चढली नाही. तेव्हा या वाटेनं जाणाऱ्यांनी ताकद कुठं राखून ठेवायची ते आधीच ठरवावं.

आमचा मार्ग असा: बेळगावहून खानापूर, नंदगड, हल्याळ करत दांडेली. तिथून गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा. मग अणशी उतरून कद्रा आणि कारवार, शेवटी अंकोल्यावरून गोकर्ण. उलट्या दिशेनंही सहली निघतात, पण अणशी चढायचा म्हणजे दमट खाडीकाठावरून उठून थेट जंगलात वर जायचं. ज्यांना पाय आजमावायचे आहेत त्यांनी खुशाल जावं. सुट्टी म्हणून निघालेल्यांनी जंगल आधी आणि समुद्र नंतर हाच क्रम धरावा.

मार्गदर्शकासोबतची सहल म्हटल्यावर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. ‘खानापूर रोडला जायला गाईड कशाला?’ खरं आहे, रस्ता मोबाईलवर दिसतो, आणि दांडेलीला बेळगावकर कायम जातच असतात. पैसे रस्ता दाखवायचे नसतातच. पुढं एक लीडर असतो, सगळ्यात मागं एक स्वीप असतो आणि त्याच्याही मागं पिकअप. या तिघांत माझ्या मते महत्त्वाचा माणूस स्वीपच. शेवटचा सायकलवाला कितीही रेंगाळला तरी जो त्याला ओलांडून पुढं जात नाही, तो खरा स्वीप. बुकिंग करताना राहायची खोली कशी आहे हे सगळेच विचारतात. त्यापेक्षा विचारा की स्वीप कोण आहे, त्याला चेन जोडता येते का, आणि गाडीत सुटे ट्यूब आणि टायर आहेत का. डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, तो स्वतःचाच न्यावा. जोयड्यात तो मिळणार नाही.

तिलकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटपासून पहाटे निघालो की पिरनवाडी, मच्छे मागं पडेपर्यंत कारखान्याच्या शिफ्टची वाहनं असतात, पुढं रस्ता मोकळा होतो. खानापूर साधारण २६ किलोमीटर. गाव मलप्रभेकाठचं आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. इथं नाश्ता उरकून घ्या, कारण हल्याळपर्यंत गटाला पुरेल असं एकही मोठं हॉटेल आम्हाला दिसलं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आणि दांडेली पावणेपाचशेच्या. त्यामुळं नकाशावर सगळा उतारच वाटतो. प्रत्यक्षात माळ, ओढा, पुन्हा माळ असं चालू राहतं आणि मांड्यांना ते कळतं.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा शिलेदार. इंग्रजांनी त्यांना २६ जानेवारी १८३१ रोजी इथंच फाशी दिली. जुना वड आहे, सावली गर्द आहे, आणि नवस बोलायला आलेली माणसं शांतपणे बसलेली असतात. सायकलचे कपडे घालून आत जाताना जरा संकोच वाटतो, म्हणून पिशवीत एक पातळ पंचा किंवा लुंगी ठेवावी. पुढं गोकर्णच्या देवळातही ती उपयोगी पडते. वेळ असेल तर वाट वाकडी करून हलशीला जावं. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ तिथं आहे.

नंदगडात चहाच्या टपरीवर एका मावशींनी आमच्या हेल्मेटांकडे आणि पिकअपकडे आळीपाळीनं बघितलं.

“काय ओ, मागनं गाडी रिकामी येत्या आनि तुमी सायकल मारालासा?”

“होय की मावशी, तसंच ठरवलंय.”

“आनि ह्याला पैसे भरलासा?”

“भरलोय की.”

“आमच्या मालकाला सांगितला असता तर ट्रॅक्टरातनं फुकट सोडले असते की ओ!”

ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दिवाळीनंतर या भागात ऊसतोड सुरू होते आणि हल्याळच्या साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं जात असतात. मागची ट्रॉली हेलकावे घेते, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असतात, आणि ड्रायव्हरच्या टेपमुळं तुमची घंटी त्याला ऐकू जाणं शक्य नसतं. ओव्हरटेक करायचाच असेल तर समोरचा रस्ता पूर्ण दिसत असताना, दोन्ही ट्रॉल्यांना पुरेल इतकं अंतर धरून, एका दमात करा. वळणावर किंवा पुलावर अजिबात नको. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या पाचटावरून चाक घसरतं, तेही ध्यानात असू द्या. आमच्या लीडरनं सरळ सांगितलं होतं की ट्रॅक्टर पुढं असला तर थांबून ऊस खा.

हल्याळ ते दांडेली पंचवीसेक किलोमीटर. हल्याळ सोडलं की झाडी दाट होत जाते. दांडेलीत शिरताना वास येतो तो पेपर मिलचा. १९५५ साली ही कंपनी निघाली आणि गाव तिच्याभोवती वाढलं. वास नाकाला खटकतो, पण याच गावात संध्याकाळी लाकडाच्या डेपोजवळच्या झाडांवर धनेश उतरतात. दांडेलीच्या जंगलात धनेशांच्या चार जाती सापडतात. आम्ही पाहिले ते मलबारी कवड्या धनेश, काळेपांढरे, चोचीवर भलं मोठं शिंग. ते उडताना पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, वर बघायच्या आधीच. मुक्कामाला पोचून पाय पसरण्याआधी हा अर्धा तास राखून ठेवा, अंधार पडला की संपलं.

दांडेलीपासून कारवारपर्यंत काळी नदी अधूनमधून सोबतीला असते. जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ ती उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. मध्ये सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी चार धरणं. गणेशगुडीचं सुपा धरण १०१ मीटर उंच. जुनं सुपा गाव त्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. आजही आमच्याकडची म्हातारी माणसं या भागाला ‘सुपा’च म्हणतात. गणेशगुडीला राफ्टिंग असतं. ते धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतं, त्यामुळं सायकलिंगच्या वेळापत्रकात ते कोंबू नका. आमच्यातल्या काहींनी हट्टानं केलं आणि मग जोयड्याच्या चढावर ओल्या कपड्यांनी रडत आले.

गणेशगुडी ते अणशी हा या सहलीतला सगळ्यात देखणा भाग. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. २००७ साली दांडेली-अणशी या नावानं तो जाहीर झाला, २०१५ पासून हे नाव आहे. शेकरू भरपूर दिसतात, वाघ दिसत नाही आणि दिसू नये अशीच सायकलवाल्यानं प्रार्थना करावी. इथले नियम साधे आहेत: उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, कुणी एकट्यानं मागं राहायचं नाही, आणि झाडीत लांब आत जायचं नाही. ब्लूटूथ स्पीकर बॅगेतच राहू द्या. फॉरेस्टच्या नाक्यावर विचारपूस झाली तर उभं राहून नीट उत्तर द्यावं, ती माणसं तुमच्याच भल्यासाठी विचारतात. मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. कुंभारवाड्याच्या आसपास घरगुती मुक्काम मिळतात. या तालुक्यातल्या कुणबी घरांत कंदमुळांची लागवड पिढ्यान्पिढ्या चालत आलीय. उकडलेला कंद आणि झणझणीत चटणी रात्री पोटभर खाल्ली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एनर्जी जेलची आठवण येत नाही.

भाषेचंही इथंच सांगून टाकतो. हल्याळपर्यंत मराठी बिनधास्त चालते, जोयड्यापासून कोकणी कानावर पडायला लागते, किनाऱ्याला कोकणी आणि कन्नड दोन्ही. पुण्या-मुंबईकडच्यांनी ‘नीरु’ (पाणी), ‘ऊटा’ (जेवण), ‘एष्टु’ (किती) एवढं कन्नड जरी पाठ केलं तरी माणसं खुलतात.

आता अणशी घाट. सकाळी फार लवकर उतरू नका. झाडांची सावली इतकी गच्च की दवानं रस्ता ओला असतो आणि कडेला शेवाळ धरलेलं असतं. ऊन वर येईपर्यंत अणशीत चहा घेत बसणं शहाणपणाचं. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठासून मारायचे, वेग पाडायचा, मग बोटं सैल सोडून वळण घ्यायचं. सरळ पट्ट्यात सायकल सुटू द्यायची आणि पुढच्या वळणाआधी पुन्हा तेच. सतत घासत राहिलं की रिम, म्हणजे चाकाची धातूची कड, तापते, पॅडचा जळका वास येतो आणि ट्यूब फुटू शकतो. आमच्यातल्या एका काकांचा असाच फुटला. नशिबानं वेग कमी होता. रिम इतकी तापली होती की हातमोज्याशिवाय टायर काढता येईना. रिम ब्रेकवाल्यांनी मधे दोनदा तरी थांबून रिम थंड करावी, कार्बनच्या रिमवाल्यांनी त्याहून जास्त वेळा. डिस्क ब्रेकवाल्यांनी पॅड निघायच्या आधी बेळगावातच तपासून घ्यावेत. हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, नजर वळणाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाकडे. समोरून येणारी बस वळणावर पूर्ण रस्ता घेते हे गृहीतच धरा.

कद्र्याला उतरलात की हवा अंगाला चिकटते. घाटाच्या वरची हवा आणि ही हवा यांच्यात फक्त एक उतार असतो, पण शरीराला एवढी लवकर सवय होत नाही. कैग्याचा अणुप्रकल्प याच भागात. कद्रा ते कारवार रस्ता सोपा, तरीही पाणी दुप्पट लागतं.

कारवारात मुक्काम टागोरांच्या नावाच्या किनाऱ्याजवळ मिळाला तर बघा. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथं जिल्हा न्यायाधीश होते, तेव्हा रवींद्रनाथ येऊन राहिले होते. संध्याकाळी आम्ही काळीच्या मुखाकडे गेलो. जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्यानंतर शेजारच्या नव्या पुलावर सगळी वाहतूक आली. पलीकडे सदाशिवगडाची टेकडी. जेवणात तिसऱ्या आणि बांगडा. मी म्हणेन, ताव मारायचा तर रात्रीच मारा, सकाळी राईडच्या आधी नको.

आणि मग तो ‘सपाट’ टप्पा. कारवार ते अंकोला ३५ किलोमीटरच्या आसपास, पण सह्याद्रीचे फाटे इथं थेट समुद्रात उतरलेत. प्रत्येक फाट्यावरून चढ, पलीकडे उतार, खाली गाव, पुन्हा चढ. राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला आणि कडेची झाडं गेली. खाली डांबर, वर ऊन, आणि घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, साधं गणित आहे. नुसतं पाणी पिऊन काम भागत नाही. दर तासाला मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस किंवा शहाळं पोटात गेलं पाहिजे. गाडीवर चढलेले आमचे सगळे भिडू नुसतं साधं पाणी पीत होते. पहाटे साडेपाचला दिवे लावून निघा आणि दहाच्या आत अंकोला गाठा. बिणग्याच्या बोगद्यांतून जायचं झालं तर मागचा लाल दिवा चालू हवा आणि रांग एकेरी. अरग्याला नौदलाचा तळ आहे, तिथं फोटो काढू नका, थांबूही नका.

अंकोल्याच्या आसपास गळाभर मण्यांच्या माळा घातलेल्या हालक्की समाजाच्या बायका रस्त्याकडेला भाजी, फुलं विकताना दिसतात. हजारो रोपं वाढवणाऱ्या, अनवाणी पायांनी पद्मश्री घ्यायला गेलेल्या तुलसी गौडा याच तालुक्यातल्या, याच समाजातल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. पुढं शिरूरजवळ १६ जुलै २०२४ ला डोंगर खचून माणसं दगावली ती जागा लागते. कापलेल्या डोंगराखाली सावली दिसली तरी विश्रांतीला थांबू नये. मादनगेरीला महामार्ग सोडला की सुटलात. तिथून गोकर्णपर्यंत नऊ-दहा किलोमीटर, वाटेत सानिकट्ट्याची मिठागरं. इथून पुढं कुणालाच घाई नव्हती.

परतीसाठी आम्ही सायकली पिकअपवर लादून अंकोला, येल्लापूर, हल्याळ असे आलो. आरबैल घाटात ट्रकांची जी रीघ लागते ती पाहिल्यावर तिथून सायकल चढवायचा विचार कुणी करू नये. रेल्वेनं यायचं तर गोकर्ण रोड स्टेशन गावापासून लांब आहे, मडगावला गाडी बदलून लोंढ्यामार्गे बेळगाव. सायकल पार्सल म्हणून बुक करावी लागते, प्रत्येक गाडीला ती सोय नसते, म्हणून आधी चौकशी करून ठेवा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्यानं धुवा, पण प्रेशर मशीननं नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बोल्टांची टोकं आणि चेन पुसून तेल द्या. आमच्यातल्या ज्यांनी हे रविवारवर ढकललं, त्यांच्या चेनीवर शुक्रवारीच तांबेरा आला होता.