अर्धा कोयता

साखर कारखान्यात काहीतरी मोडलं होतं आणि ऊसतोड बंद होती, म्हणून मला त्या दिवशी माणसं भेटली. एरवी सकाळी सातला ऊसतोड्यांच्या तळावर गेलं की म्हातारी माणसं, शेळ्या आणि झोळीतली पोरं एवढंच असतं. बाकी सगळे पहाटे चारलाच फडात गेलेले.

सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका, जानेवारी महिना. तळावर बीडकडची बारा कोयत्यांची टोळी होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्याच हिशेबानं मिळते आणि आजारपणाचा खाडाही त्याच हिशेबानं कापला जातो. आमचा अभ्यास स्थलांतर आणि आरोग्य यांवर होता, आणि घरात कुणाला अपंगत्व आहे का हेही त्यात नोंदवायचं होतं. त्यासाठी आम्ही वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्व कसं मोजायचं ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न घेतले होते. जगभर वापरतात ते. त्यांत ‘अपंग’ हा शब्द मुद्दामच टाळलेला आहे, कारण तो उच्चारला की माणसं नाही म्हणून मोकळी होतात. म्हणून विचारायचं ते असं: दिसायला अडचण येते का, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे करायला, बोललेलं समजायला-समजवायला. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. २०११ च्या जनगणनेनं थेट अपंगत्व विचारलं आणि देशात २.२१ टक्के माणसं मोजली. तो आकडा कमी आहे, आमची पद्धत जास्त बारकाईनं पकडते, असं मी विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात शिकवत आले होते.

सकाळची पाचवी मुलाखत एका तिशीतल्या माणसाची. धारूरकडचा. अंगानं काटक, बोलायला मोकळा. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, पण पाचटानं, उसाच्या वाळक्या पानांनी, हात चिरतात म्हणून निम्मी टोळी तशी फडकी बांधते. चाळीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. सहाही प्रश्नांना त्याचं एकच उत्तर: “न्हाई ताई, काई अडचन न्हाई.” मी सहा वेळा पहिल्या रकान्यात खूण केली आणि पुढच्या कोपीकडे, झोपडीकडे, गेले.

संध्याकाळी तळामागच्या मैदानात गावातली पोरं कबड्डीचा सराव करत होती. सव्वीस जानेवारीला कुठेतरी सामने होते. टोळीची माणसं रोज बांधावर बसून हा सराव बघतात. महिनाभर शेजारी राहूनही त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी पोरांना एक गडी कमी पडला आणि त्यांनी बांधाकडे बघून हाक मारली. हाच उठला.

त्याला कोपऱ्यात उभं केलं. पहिल्याच चढाईला समोरचा पोरगा पाय टाकून गडी शिवायला आत शिरला, आणि यानं घोट्यावर झेप घेतली. झेप अशी नेमकी, की बांधावरून शिट्ट्या पडल्या. पण पाय हातातून निसटला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा तो कर्णधाराला म्हणाला, “मला चढाईला सोडा. माजी पकड गेलीय.” आणि हात वर केला. खेळताना फडकं सुटलेलं होतं. डाव्या हाताला अंगठा नव्हता.

मी बांधावर चहाचा पेला धरून बसले होते, तशीच राहिले.

पुढे तो चढाईला गेला आणि खरंच छान खेळला. लांब ढांगा, दम पक्का. एकदा वाद झाला. पोरगा म्हणाला हात लागलाच नाही. हा म्हणाला, “चार बोटं लागली बाबा. पाचवं लागलं नसंल.” सगळे हसले, तोही हसला, आणि गुण मिळाला. खेळ संपल्यावर एका पोरानं त्याला पेटकरांची गोष्ट सांगितली. मुरलीकांत पेटकर इथल्याच पेठचे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. “तुम्ही बी पॅरात जावा की!” तो नुसता मान डोलावत होता. मला तिथं सांगवलं नाही की कबड्डी पॅरालिम्पिकमध्ये नाही, आणि जे खेळ आहेत त्यांच्या गटवारीलाही उंबरठे असतात. एक अंगठा बहुतेक त्या उंबरठ्याच्या बाहेरच राहतो.

रात्री मी वही घेऊन पुन्हा त्याच्या कोपीत गेले. सकाळी का नाही सांगितलं, असं विचारणार होते. पण मी विचारलंच कुठं होतं? दिसतं, ऐकू येतं, चालतो, अंघोळ एका हातानं होते. त्या सहा प्रश्नांत हातच नाही.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. पहाटेचा अंधार, थंडीनं बधिर बोटं. डाव्या हातात ऊस धरायचा आणि उजव्यानं बुडखा छाटायचा. कोयता सरकला. डावा अंगठा नसला की ऊस मुठीत राहत नाही, मोळी आवळता येत नाही. त्याच्या बायकोनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये जपलेलं प्रमाणपत्र काढलं. जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा मारून, तेवढी मजुरी बुडवून मिळवलेलं. त्यावर ३० टक्के. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सवलती आणि आरक्षण सुरू होतं ४० पासून. “धा कमी पडले,” ती म्हणाली, परीक्षेचा निकाल सांगावा तशी.

तिची स्वतःची पिशवी काढलेली होती, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. हेही सकाळी निघालं नव्हतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारनंच केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. तो आकडा मी कित्येक भाषणांत वापरला आहे. ती कमरेला फडकं आवळून दिवसभर तोडते, नवरा वाढे, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवतो. उचल मात्र दोघांना मिळून अर्ध्या कोयत्याची.

बाहेर मुकादम शेकोटीशी बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या अंगावर कारखान्याची उचल होती आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडायची होती. मी त्याला विचारलं, तो काम करतोच ना, मग अर्धा तरी का धरत नाही?

“मॅडम, अर्धी बाई. ह्याला अर्धा धरला तर पुरा कोयता झाला. पुऱ्या कोयत्याएवढा माल कुठाय?” मग त्यानं माझ्या वहीकडे हनुवटी केली. “तुमच्या फारमात किती धरलाय त्याला?”

मी टॉर्च लावून फॉर्म उघडला. सहा खुणा, सगळ्या पहिल्या रकान्यात.

“पुरा,” मी म्हणाले.

“मग घिऊन जावा की त्याला,” मुकादम म्हणाला आणि काटकी शेकोटीत सरकवली.