ट्रेलर घेऊन डेव्हिस डॅमचा घाट चढताना

पिकअपच्या जाहिरातीत ‘अमुक हजार पौंड ओढते’ असं छापलेलं असतं. तो आकडा ज्या घाटाच्या कसोटीवर तपासला जातो, तो घाट आपला ट्रेलर जोडून एकदा चढायचा, असं माझ्या फार मनात होतं. या उन्हाळ्यात लेक मोहावीच्या काठी मुक्काम ठरला आणि योग जुळून आला.

घाट म्हणजे ॲरिझोनाचा स्टेट रूट 68. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापाशी, बुलहेड सिटीजवळ तो सुरू होतो, ब्लॅक माउंटन्स ओलांडतो आणि गोल्डन व्हॅलीमार्गे किंगमनकडे जातो. खाली उंची पाचशे-सहाशे फूट, वर युनियन पासला साडेतीन हजारांच्या पुढे. वाहन अभियंत्यांच्या एसएई या अमेरिकी संस्थेच्या, ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या जे2807 या मानकात याच रस्त्यावरचा 11.4 मैलांचा चढ आहे. बाहेर किमान 100 अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, मागे जाहिरातीतलं सगळं वजन. एवढं असूनही मागे एकेरी चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांखाली येता कामा नये, दुहेरी चाकांना सूट म्हणून 35. वाटेत काही निकामी झालं तर नापास. मला हे मानक मनापासून आवडतं, कारण त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवत असे आणि गिऱ्हाइकाला तुलना करायला काहीच आधार नव्हता.

आमची गाडी हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातली पिकअप), पेट्रोलवर चालणारी, टर्बो नसलेली, दहा गिअरची ऑटोमॅटिक. मागचा ट्रॅव्हल ट्रेलर सामानसुमान आणि पाणी धरून सात हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन टनांच्या जरा आत. गाडी मी चालवणार होते. नवऱ्याकडे एकच काम होतं: स्क्रीनवर ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, तेलाच्या तापमानाचं पान उघडून ठेवायचं आणि आकडा मोठ्याने सांगत राहायचं.

कॅथरीन लँडिंगच्या कॅम्पग्राउंडमधून निघालो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता आणि पारा नव्वदीत होता. पहिला धडा तिथेच मिळतो. ट्रेलर मागे-पुढे करत जागेवरून काढण्यात दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात तेलाने 190 अंश फॅरनहाइट गाठलं. लोकांचं सगळं लक्ष घाटाकडे असतं, पण रांगत्या वेगाने ट्रेलर रिव्हर्स घेताना तेल चांगलंच तापतं. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसतो आणि समोरच्या कूलरवर वारा नसतो. वाळू किंवा खडी असेल तर अशा वेळी फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) लावावा, कन्व्हर्टरवरचा ताण लगेच कमी होतो. डांबरावर मात्र फोर-लोमध्ये वळणं घेऊ नयेत, गिअरची यंत्रणा अडकून ओढ बसते.

कन्व्हर्टरचं गणित एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातून आपोआप समजतं. इंजिनाकडची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर ट्रान्समिशनकडची पाती फिरतात. दोन्हींच्या वेगात जो फरक पडतो, ती शक्ती चाकांपर्यंत न पोचता तेलातच मुरते, उष्णता होऊन. लॉकअप क्लच लागला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि ही उष्णता जवळजवळ थांबते. मी आमच्या गाडीचा हिशेब मांडून पाहिला. गाडी आणि ट्रेलर मिळून सहा टनांवर वजन, पाच टक्के चढ, ताशी 45 मैल. हवेचा अडथळा धरून साधारण 85 किलोवॅट लागतात. कन्व्हर्टर दहा टक्के जरी घसरला, तर साडेआठ किलोवॅट तेलात जातात. म्हणजे घरातले पाच-सहा रूम हीटर एकदम त्या तेलात सोडल्यासारखं!

म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच मी टो-हॉल (ओझं ओढायचा मोड) लावला आणि गिअर खालच्यावर बांधून टाकला. आरपीएम साडेतीन हजारांच्या वर गेले, इंजिन ओरडायला लागलं.

“एवढं ओरडतंय, वरचा टाक की!”

“ओरडू दे. तू आकडा सांग.”

“दोनशे दोन.”

हा आवाज ऐकून पुष्कळ जण घाबरून वरचा गिअर टाकतात. मग गाडीला जोर पुरत नाही, ती पुन्हा खाली येते, परत वर जाते, आणि दर वेळी क्लच घसरतात नाहीतर लॉक सुटतो. तेल तापतं ते या धरसोडीत. आरपीएम चढे ठेवले की ट्रान्समिशनचा पंप, पाण्याचा पंप आणि इंजिनावर चालणारा पंखा असेल तर तोही जोरात फिरतो, कूलरमधून जास्त तेल जातं. पेट्रोल इंजिनाला साडेतीन-चार हजार आरपीएमचा काही त्रास नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे, 45 धरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके तांबूस-तपकिरी डोंगर, सावलीचा पत्ता नाही. आरशात नदीकाठची हिरवी पट्टी बारीक होत गेली. 205. 209. मधल्या सरळ चढावर बराच वेळ 213. माझं लक्ष आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढतोय याकडे होतं. मिनिटाला एखादा अंश चढत असेल तर माथा येईपर्यंत निभावतं; झपाझप चढायला लागला तर लॉक सुटलाय असं समजावं आणि गिअर किंवा वेग लगेच उतरवावा. शिवाय सेन्सर बहुतेक गाड्यांत सम्पमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी साठणाऱ्या, तेलाचं तापमान सांगतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल त्याहून कितीतरी गरम असतं, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा नेहमी जरा उशिराची बातमी देतो.

युनियन पासला 218 होतं, म्हणजे 103 सेल्सिअस. पलीकडचा उतार सौम्य आहे. गोल्डन व्हॅली समोर पसरली तेव्हा आकडा परत दोनशेवर आला होता.

दोनशेला घाबरायचं कारण नाही. नव्या गाड्यांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो, तो मायलेजसाठी तेल मुद्दाम गरम ठेवतो. आमची रिकामी गाडीसुद्धा 195 च्या आसपास चालते. पण वरच्या बाजूला सवड फार नसते. 175 च्या वर दर 20 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. 240 च्या पुढे आत वार्निश, म्हणजे जळक्या तेलाचा चिकट थर, धरायला लागतं, त्याच्याही वर रबरी सील कडक होतात. मी स्वतःसाठी 225 ची रेघ ओढून ठेवली आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघावी आणि तिच्या बरीच अलीकडे आपली रेघ ओढावी.

किंगमनला पेट्रोल भरलं, ट्रेलरच्या चाकांचे हब हात लावून पाहिले, आणि आय-40 महामार्ग धरला.

खरी परीक्षा झाली ती ॲश फोर्कनंतर. तिथून विल्यम्सपर्यंत रस्ता सोळाशे फूट चढतो. दुपार झाली होती आणि समोरून वारा सुटला होता. ट्रेलरचं उभं तोंड त्या वाऱ्यावर घेऊन जाणं हे घाटाइतकंच जड काम आहे. त्यात सहा-सात हजार फुटांवरची हवा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के जोर घालवतं, म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने आमचं एक पंचमांश इंजिन तिथे नव्हतंच. वेग उतरवला, गिअर चौथ्यावर बांधला, तरी नवऱ्याने 226 सांगितलं. पुढची एक्झिट घेतली.

थांबल्यावर इंजिन बंद करायचं नाही, हे लक्षात ठेवावं. बंद केलं की पंप थांबतो आणि तापलेलं तेल जागच्या जागी राहतं. पार्कमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, बाराशे-पंधराशे आरपीएमवर इंजिन धरलं. पंख्याचा घोंघाट चालू होता आणि आकडा मात्र दिसेल असा उतरत होता. 219. 211. 204 ला निघालो आणि ताशी 40 ने, हॅझर्ड लाइट लावून, विल्यम्स गाठलं.

आता मुक्काम फ्लॅगस्टाफला आहे. उद्या आय-17 ने फिनिक्सकडे उतरायचं. तिथे तेल थंडच राहील, सांभाळायचे आहेत ब्रेक. गाडी नवरा चालवणार आहे आणि उतार सुरू व्हायच्या आधी कुठल्या गिअरवर बांधायची यावर आत्तापासून चर्चा चालू आहे. तो पाचवा म्हणतोय, मी चौथा.