एक 'एच' गळला आणि चार महिने गेले

इंग्लंडच्या जनगणनेतलं १८५१ चं घर मला एका संध्याकाळी सापडलं. १८७१ चंही. मधलं १८६१ मात्र चार महिने सापडेना, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

मी इचलकरंजीची, सून म्हणून आले लँकशायरमधल्या बर्न्लीत. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्या सासरच्या विणकर घराण्याच्या जनगणनेतल्या नोंदी काढून द्याव्यात, एवढाच बेत होता. १८५१ ला बाप हातमागावर, थोरल्या दोन मुली यंत्रमागावर. १८७१ ला दहा वर्षांचा नातू 'हाफ टायमर', म्हणजे अर्धा वेळ गिरणी, अर्धा वेळ शाळा. शाळेतून आल्यावर आजोबांच्या मागासाठी कांड्या भरणारी मी, मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

पण १८६१? पैसे भरून घेतलेल्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की शून्य. मदतकक्षाचं उत्तर आलं, 'नोंद उपलब्ध नाही.' मग मीच तर्क लढवला: अमेरिकेतलं यादवी युद्ध, कापूस बंद, गिरण्या बंद, माणसं पोटासाठी गाव सोडून गेली असणार. शेजारच्या गावांची पानं चाळण्यात दीड महिना घालवला. नंतर तारखा पाहिल्या. गणना ७ एप्रिलची, युद्ध पेटलं १२ एप्रिलला! कपाळावर हात मारला. (त्या युद्धाने पुढे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांचं उखळ पांढरं केलं आणि आखूड धाग्याच्या आपल्या 'सुरती' कापसाने इथल्या विणकरांना रडवलं, पण ते सगळं गणनेनंतरचं.)

शेवटी आडनावाचा रकाना रिकामाच ठेवला. बापाचं पहिलं नाव, वय दोन-तीन वर्षं मागेपुढे, जन्मगाव पॅडिहम. तिसऱ्याच ओळीत सगळं कुटुंब! आमचं आडनाव 'एच'ने सुरू होतं आणि इथली माणसं बोलताना 'एच' गिळतात. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या घरचा गणनेचा तक्ता गणनेवाला विचारून भरायचा. त्याने ऐकलं तसं लिहिलं असणार. घरोघरचे मूळ तक्ते नष्ट झालेत, उरल्यात त्या गणनेवाल्यांच्या नकलवह्या, त्यामुळे ताडून बघायलाही काही नाही. त्यात संकेतस्थळासाठी नावांची सूची करणाऱ्याने पुढचं अक्षरही चुकवलेलं.

दुरुस्ती कळवली, तर म्हणे पुरावा जोडा. अहो, पुरावा तुमच्याच पानावर आहे! अजून 'विचाराधीन'च दिसतंय.

हो, एक राहिलं. नकलवहीत नावांलगतच्या तिरक्या रेघा बघा. दोन रेघा म्हणजे घर संपलं, एक म्हणजे त्याच घरात दुसरं बिऱ्हाड. मी एका परक्या विधवेला आठवडाभर आमची आत्या समजत होते. सापडल्यावर लगेच नोंदीचा संदर्भ, म्हणजे आरजी ९ (ही १८६१ च्या गणनेची खूण) पासून पानापर्यंतचे सगळे आकडे टिपून ठेवा. १८४१ ची वयं खरी धरू नका, पंधराच्या वरची बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, ४४ चा ४० होतो. आणि १८८१ ची सूची फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मी तिथून सुरुवात करायला हवी होती.

वाढदिवसाला सासूबाईंनी चष्मा लावून पान वाचलं. मी चुकीच्या आडनावावर बोट ठेवलं. त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात काय चुकलंय? असंच तर म्हणतो आपण."