प्लगला बांधलेली चावी

मागच्या रविवारी ऐरोलीला भाचीच्या नव्या घरी गेले होते. पडद्यांचे रॉड लावायचे होते आणि तिने हौसेने ड्रिल मशीन घेऊन ठेवलं होतं. मी पिशवीतून आधी सुतळी काढली. चक म्हणजे भोक पाडणारी सळई, बिट, पकडणारा मशीनचा पुढचा भाग. तो आवळायची-सोडायची चावी घेतली आणि मशीनच्या वायरच्या टोकाला, प्लगपासून चार बोटांवर घट्ट बांधली.

"आत्या, इथे कशाला? मशीनवर ठेवायला खाच आहे की."

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर, म्हणजे लेथ मशीन चालवणारे कारागीर, होते. लेथच्या चकमध्ये विसरलेली चावी मशीन सुरू होताच कशी सुटून येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरच्या ड्रिलची चावी ते अशीच बांधायचे. बिट बदलायचं तर चावी हवी, आणि बोर्डातला प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही. आठवण ठेवायची गरजच उरत नाही.

प्लगचं मी एवढं मनावर घेते त्याला आणखी एक कारण आहे. वर्तकनगरच्या घरी स्वयंपाकघरात फळी लावत होते. बोट दुखतं म्हणून बटण दाबून लॉक केलं होतं. मध्येच लाईट गेली. मशीन तसंच ओट्यावर ठेवलं आणि शेजारी लाईट आहे का ते बघायला गॅलरीत गेले. लाईट आली तशी ड्रिल आपोआप सुरू झालं, ओट्यावर गरगर फिरलं आणि टाइलवर आपटलं. माझा चार वर्षांचा मुलगा तेव्हा दारात उभा होता. त्याला काही झालं नाही. टाइलवरचा अर्धगोल ओरखडा अजून आहे. भिंतीत भोक पाडताना लॉकचं बटण मी त्यानंतर कधीच वापरलं नाही. बोट सुटलं की मशीन थांबलंच पाहिजे.

तर ऐरोली. खिडकीच्या डावीकडे स्विचबोर्ड होता. आतली वायर बहुतेक वेळा बोर्डातून सरळ वर किंवा आडवी गेलेली असते, म्हणून त्या रेषेत भोक घ्यायचं नाही असं ठरवलं. नळाच्या वरही तसंच, तिथे पाइप असतो. पॅनेलमधल्या 30 मिलीअँपियरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून ती पडते ना, ते पाहिलं. मग बेडरूमची वीज बंद करायला तिथला एमसीबी स्विच पाडला आणि मशीनला हॉलमधून एक्स्टेंशन घेतलं.

भाचीने ओढणी काढून ठेवली, केसांचा अंबाडा घातला, गॉगल लावला. साधा चष्मा पुरत नाही, सिमेंटची कच बाजूने डोळ्यात शिरते. ती हातमोजे घालायला निघाली तेव्हा मात्र मी अडवलं. फिरत्या बिटात मोज्याचं टोक अडकलं तर ते हातासकट ओढलं जातं. चढायला प्लास्टिकचं स्टूल नको म्हटलं, शेजारून घोडा, म्हणजे घडीची शिडी, आणला.

खिडकीवर काँक्रीटची लिंटल, म्हणजे आडवी तुळई, असते, तिथे मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारा मोड, लागतोच. (बाथरूमच्या टाइलवर मात्र आधी हॅमर बंद, मास्किंग टेप लावून सावकाश. टाइल पार झाली की मगच हॅमर.) 6 मिलिमीटरचं बिट इंचभर गेलं आणि आतल्या सळईला लागून अडकलं. बिट अडकलं की मशीन उलटं फिरायला बघतं, सगळा पीळ मनगटावर येतो. भाचीचा दुसरा हात बाजूच्या हँडलवर होता म्हणून निभावलं. तिने बटण लगेच सोडलं. जोर लावून सळई कापायच्या फंदात न पडता बिट बाहेर काढलं आणि भोक दीड इंच बाजूला घेतलं.

बिट तापलं होतं. मी तिला दोन मिनिटं थांबवलं, पाणी प्यायला लावलं.

भोकात स्क्रूसाठी बसवायची गट्टी जाड निघाली, 8 चं बिट लावायला हवं होतं. घोड्यावर उभ्या उभ्याच तिने वायर ओढून चावी वर घ्यायला पाहिली. ती येईना. मग ती खाली उतरली आणि हॉलमध्ये जाऊन प्लग काढला.