दिवाळीआधीचा बोनस

भोसरीतील एका लहान कारखान्यात मी काही वर्षे हिशेबाचे काम पाहिले. १९६५च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा घातली होती आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत रक्कम द्यावी, असे म्हटले होते. म्हणजे मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या मालकाला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुभा होती. त्या मुदतीत दिवाळीचा संबंध कुठेच नव्हता. तरीही वसुबारसेच्या आत बोनस हातात पडणार, हे आमच्याकडे इतके गृहीत होते की त्या भरवशावर कामगार किराणा दुकानात उधारी करत.

एका वर्षी गिऱ्हाइकांकडची येणी अडकली आणि बोनस तुळशीच्या लग्नानंतर झाला. रक्कम पैशापर्यंत बरोबर होती (हिशेब मीच केला होता), कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती आणि भांडणही कोणी केले नाही. मात्र महिनाअखेरीला गाडी भरून निघेपर्यंत न सांगता थांबणारी माणसे त्यानंतर साडेपाचचा भोंगा होताच डबा उचलून निघू लागली.

"अहो, आधी थांबत होती की सगळी!" मालक मला म्हणाले. थांबत होती खरी, पण तसे कुठे लिहिलेले नव्हते, आणि बोनसची वेळही तशीच होती. अडचण दसऱ्यालाच मोकळेपणाने सांगितली असती, तर निम्म्या लोकांनी तरी समजून घेतले असते, असे मला आजही वाटते. पुढच्या वर्षी बोनस वेळेवर झाला, मिठाईचा पुडाही अर्ध्या किलोचा एक किलो झाला; पॅकिंगची माणसे मात्र साडेपाचलाच निघत राहिली.